दोन मापं

महाद्वार रोडचे मणेरमामा
माझा हात हातात न घेताच सांगतात,
"डाव्याला दोन-सहा, उजव्याला दोन-आठ.
बाई, तुमच्यापायी माझे दोन डबे फुटतात."

चोवीस वर्षं झाली.
ह्यांच्या डोळ्यांत साखर उतरली
आणि हातोडी माझ्याकडं आली.
तवापासून उजवा हात
सालाच्या गड्यागत राबतोय.
तळ कुटायचा, टाचेचे थर बसवायचे,
भिजलं कातडं दगडावर ठोकून ठोकून
त्याच्यातलं म्हशीचं शेवटचं हंबरणं बाहेर काढायचं.
डावा नुसता धरून बसायचा.
धरणं हे काय काम हाय?
असं मीच म्हणायचे.

पोलक्याची उजवी बाही दर वर्षी उसवायची,
डावीत वारं खेळायचं.
शिंपिणीनं कधी विचारलं नाही,
सुभाषनगरात तिच्याकडं येणाऱ्या निम्म्या बायका अशाच.

खांदा रात्रीचा जागा ठेवायला लागला
तवा तृप्तीनं सुतळी आणली.
ती गोळा फेकते, कॉलेजकडनं.
पहाटे साडेपाचला जिमला जाते
आणि येताना मटकीला मोड आलेत का बघते.
तिनं माझे दोन्ही दंड मोजले,
सुतळीला गाठी मारल्या,
गाठी शेजारी शेजारी धरल्या.
दोन बोटं.
"बघ," म्हणाली. मी बघितलं.
स्वतःला असं सुतळीवर
पहिल्यांदाच बघितलं.

रॉकेलचा जुना डबा, अर्धा पाण्यानं भरलेला.
नियम एकच:
सुरुवात डाव्यानं.
डाव्याचे जेवढे होतील, उजव्यानं तेवढेच.
वर एकसुद्धा नाही.

डावा सातला थरथरला.
मग उजव्यात डबा घेतला.
सहा. सात.
"आई, बास."
तो थांबेचना.
आठवा उचलून मोकळा झाला,
नववा अर्ध्यात असताना तृप्तीनं मनगट धरलं.
आख्ख्या जन्मात त्याला
'बास' म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.
मीबी नाही.
डबा खाली ठेवला आणि कशासाठी कुणास ठाऊक,
मला रडू आलं. पोरगी म्हणाली,
घाम पूस, डोळ्यात जाईल.

मग डाव्याची शाळा सुरू झाली.
डाव्यानं हातोडी: अंगठ्याचं नख काळं.
डाव्यानं भाकरी: पन्हाळ्यागत एका अंगानं उंच,
ह्यांनी चाचपून बघितली
आणि उंच अंगानं खायला सुरुवात केली.
डाव्यानं वाढू नये म्हणणाऱ्या सासूबाई
आता फोटोत हायत,
फोटोकडं पाठ करून वाढलं.

सगळं बघून लगमव्वा हसली.
ती शेजारची, अथणीची, जन्माची डावखुरी.
लग्नात डाव्या हातानं अक्षता टाकल्या
म्हणून तिनं बोलणी खाल्लेली.
तिनं पदर मागं सारला
आणि दोन्ही हात माझ्यापुढं धरले.
डावा जाड. उजवा बारका.
माझीच, पण आरशातली.
"मी कुठल्या हातानं सुरू करू ग?"
मला सांगता आलं नाही.
आम्ही दोघी हातांकडं बघत बसलो,
वेणीचं कातडं वाळून गेलं.

दिवाळीनंतर तृप्तीनं परत सुतळी लावली.
एक बोट राहिलंय.
तेबी जाईल म्हणते, सहा महिने अजून.
मी म्हटलं, राहू दे.
खांदा झोपू देतोय, तेवढं बास.
त्या एका बोटावर
तुझी फी भरलीय, ह्यांची इंजेक्शनं आलीत,
ते कुठं पाठवतीस आता?

परवा दोघी मिळून महाद्वार रोडला गेलो.
दोन-सहाचं एक डझन, दोन-आठचं एक डझन,
सहा-सहा वाटून घेऊ म्हटलं.
मणेरमामांचा एकबी डबा फुटला नाही.
त्यांनी चष्मा वर केला,
उजव्यासाठी हात पुढं केला, सवयीनं.

मी डावा दिला.